सरसकट तीस वजा

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये मला चाळीस म्हातारे हवे होते आणि उंबरदरीत एकही म्हातारा नव्हता. तसं पत्र मी वरिष्ठांना पाठवलं, तेव्हा त्यांनी त्याच्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर असलं पत्र लिहिणाऱ्याला घरी पाठवला असता.

माझे वरिष्ठ म्हणजे डॉक्टर बोरामणीकर. सोलापुरात सात रस्त्याला एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचं वार्धक्य कल्याण संशोधन केंद्र होतं. खोल्या लहान आणि पाटी लांब, म्हणून पाटीचं एक टोक शेजारच्या शिंप्याच्या खिडकीवर गेलं होतं, त्यावरून रोज भांडण. डॉक्टर सहा वर्षं परदेशात राहून आलेले. ते तिकडे असताना इकडे त्यांची आई गेली, तेव्हापासून त्यांना सगळ्या म्हाताऱ्या माणसांचं भलं करायचं होतं. माणूस खरोखर चांगला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल.

मी शिवशरण, अक्कलकोटचा, बी.ए., वय चोवीस, तीन महिन्यांसाठी हंगामी अन्वेषक. साठीच्या पुढच्या चाळीस माणसांचे फॉर्म भरून आण, तुला कायम करतो, असं डॉक्टर म्हणाले होते. फॉर्ममध्ये एकशे बारा प्रश्न. मूळ फॉर्म परदेशातला, मराठी डॉक्टरांची. जिना चढताना दम लागतो का? आठवड्यातून किती वेळा नातेवाइकांशी दूरध्वनीवरून बोलता? शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा उपद्रव होतो का? उंबरदरीत जिना नव्हता, दूरध्वनी पाच मैलांवर वैरागला होता, आणि कुत्री कुणाच्याच मालकीची नव्हती. पण एकही रकाना कोरा सोडायचा नाही अशी सक्त ताकीद होती.

वैरागला एस.टी.तून उतरून मी चालत उंबरदरी गाठली. दुष्काळाचं साल. गावाबाहेर पाझर तलावाचं सरकारी काम चाललेलं आणि अख्खं गाव तिथेच. बांधाच्या कडेने बाया-माणसं ओळीने खडी फोडत बसली होती. मी लांबूनच मोजायला लागलो. पांढरी डोकी, बोळकी तोंडं, वाकलेल्या पाठी. पहिल्या ओळीतच बावीस भरले. उडी मारायची तेवढी बाकी ठेवली. म्हटलं, शिवशरण, पंधरा दिवसांत कायम झालास की रे बाबा!

पहिल्या ढिगामागे एक म्हातारी होती. तिच्या चेहऱ्यावर आणखी एक सुरकुती ठेवायला जागा नव्हती. तोंडात एकच दात, तोही स्वतःच्या हिमतीवर राहिलेला. हातोडी मात्र अशी पडत होती की एका घावात दगडाचे चार तुकडे.

"आजी, जरा बोलायचं होतं," मी म्हटलं.

हातोडी थांबली. "आजी कुनाला म्हंतोस? ताई म्हन. पंचेचाळीस वरसांची हाय मी."

आजूबाजूला कुणी हसलं नाही, आणि त्यानेच मी घाबरलो.

"गोजरबाई म्हंत्यात मला," ती पुढे म्हणाली. "आन् त्यो माझा ल्योक, धोंडीराम. बावीसचा हाय."

डोक्यावर घमेलं घेतलेला एक टकल्या, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ आमच्याकडे आला. त्याच्या ओठात बिडी होती. मला बघताच त्याने ती विझवली आणि मुठीत लपवली.

"ओढा की," मी म्हटलं.

"छ्या! मोठ्या मानसाम्होरं कशी वडायची? दादा, तुमचं वय काय?"

"चोवीस."

"मंग! आमी दोन वरसांनी धाकटं," असं म्हणून पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने घमेलं खाली ठेवलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी तिथून जवळजवळ पळालोच. पुढच्या ढिगावर भीमा नावाचा कमरेत पार दुमडलेला म्हातारा होता. तो अडतीस वर्षांचा निघाला. त्याच्या पलीकडचा छत्तीस. दिवस कलेपर्यंत मी त्रेचाळीस जणांना विचारलं. गावातली सगळ्यात वडीलधारी व्यक्ती गोजरबाई, वय पंचेचाळीस. साठ म्हणजे काय असतं ते तिथे कुणाला ऐकूनही माहीत नव्हतं.

संध्याकाळी सरपंच कोंडीबांनी मला चावडीवर बसवून चहा दिला आणि सगळा उलगडा केला. त्यांनी काही लपवलं नाही. उलट गावाने एक अवघड गणित सोडवलं होतं, त्याचा त्यांना अभिमानच होता.

झालं होतं असं. माघात भीमा घमेलं घेऊन जाताना चक्कर येऊन पडला. तासाभरात उठून परत कामाला लागला, पण नेमके त्याच वेळी कुणी साहेब तपासणीला आलेले. त्यांनी हुकूम दिला, साठीच्या वरचं एकही नाव उद्यापासून मस्टरवर दिसता कामा नये. मग धुळा मुकादमाने नवं मस्टर काढलं आणि प्रत्येकाला वय विचारायला बसला. मानाने पहिली गोजरबाई. ती म्हणाली, लिही पंचेचाळीस. धुळा तिचा चुलत नातू. तिला खोटं पाडायची त्याची काय छाती? त्याने लिहिलं. तिच्या मागे धोंडीराम उभा. तो म्हणाला, बावन्न. धुळाने पेन खाली ठेवला.

"आयपेक्षा ल्योक सात वरसांनी मोटा कसा लिवायचा, तुमीच सांगा," कोंडीबा मला म्हणाले. "जनाची न्हाय तर मनाची लाज हाय का न्हाय?"

दुसऱ्या एखाद्या गावाने त्या ठिकाणी डोळेझाक केली असती. पण उंबरदरीत सगळा कारभार थोरलं कोण आणि धाकटं कोण यावर चाले. पंगतीत आधी कुणाचं पान, रामराम आधी कुणी घालायचा, लग्नात पहिला टिळा कुणाला, सगळं वयाने. दोन चुलतभावांत थोरला कोण, या वादात एका घरात अकरा वर्षं अबोला होता. अशा गावात गोजरबाई एकटीच तीस वर्षांनी लहान झाली असती, तर तिला तिच्या सुनेच्या पाया पडावं लागलं असतं. म्हणून चावडीवर तीन दिवस बैठक बसली आणि ठराव झाला: गावातल्या प्रत्येकाच्या वयातून सरसकट तीस वर्षं वजा.

"आणि ज्यांचं वयच तिसाच्या आत आहे त्यांचं काय?" मी विचारलं.

"त्येनीच तर डोस्कं खाल्लं," कोंडीबा म्हणाले. "मस्टरला अठरा तर पायजेत. मंग जे अठराच्या खाली गेलं त्येंना समद्यांना अठरा लिवलं. तर सारजाबाई आडवी पडली. ती बी अठरा आन् तिचा जावई बी अठरा. सासू-जावई एका वयाचं? ती म्हनली, मी जीव दीन."

"मग?"

"मंग म्हैनं काडलं. सारजाबाई अठरा वरसं अकरा म्हैनं, जावई अठरा वरसं दोन म्हैनं. मिटलं."

मला हसू येईना आणि रडूही येईना. मी विचारलं, "आणि सरपंच, तुमचं वय?"

"सतरा," सत्तेचाळीस वर्षांचे कोंडीबा पापणी न हलवता म्हणाले. "मी मस्टरवर न्हाय. मला अठराची काय गरज न्हाय."

तेव्हा एकवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय मत देता येत नसे. म्हणजे सरपंचांना स्वतःला मत द्यायचा अधिकारही उरला नव्हता. शाळेच्या पटावर साठ मुलं होती, त्यातलं एकही अजून जन्मलेलं नव्हतं. हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं.

"जल्मतील की," कोंडीबा म्हणाले, "घाई काय हाय?"

मग त्यांनी माझा फॉर्म हातात घेतला. सतरा वर्षांच्या मानाने त्यांना कागद चांगला वाचता येत होता. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी स्वतः कधी नीट वाचली नव्हती: 'एक प्रत तालुक्याला माहितीसाठी'. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्यात गोजराकाकीला साठाच्या वर दाखवलंत की तिकडं तिचं नाव गेलं. तुमचा अभ्यास हुईल, पन तिचं काम जाईल. आता तुमीच काय त्ये ठरवा."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गोजरबाईच्या ढिगाशेजारी जाऊन बसलो. खरं सांगायचं तर मनात तिला पटवायचं होतं. बाकी गाव तिच्यामुळे अडलं होतं, ती पंचाहत्तर म्हणाली असती तर सगळे सुटले असते. मी विचारलं, "ताई, धोंडीराम सांभाळत नाही का तुम्हाला?"

"सांबाळतोय की. सून बी गुनाची हाय. येळंवर ताट देती, भाकर आमटीत भिजवून देती. पन कुनी काय इचारत न्हाय बग. दानं किती दळायचं, पोरीला कुटं द्यायची, म्हस इकायची का ठिवायची. मी आपली भिताडाला टेकून. पाच वरसं टेकून बसले हुते." तिने एक दगड मांडीसमोर ओढला. "देवाला असं म्हनू नये, पन दुष्काळ पडला आन् माझं नशीब उघाडलं. हितं माझा ढीग हाय. सांच्याला धुळा टेप लावतो, गोजरबाईचा ढीग म्हनून मोजतो. खायाला सुकडी मिळती ती मी नातवंडास्नी वाटते, पोरं माझी वाट बगत्यात. ह्या पोरींना हातोडी धराया मीच शिकवलंय."

आजूबाजूच्या पोरींनी माना डोलावल्या. त्यातल्या एकीचा अंगठा दगडाखाली सापडला होता, त्याला गोजरबाईनेच चिंधी बांधली होती.

पण मी हट्टी. आमच्याकडे वय काढायची एक युक्ती होती. ज्याला जन्मसाल माहीत नसतं त्याला विचारायचं, अमुक घडलं तेव्हा तू केवढा होतास. प्लेग, मानमोडीची साथ, सोलापूरचा मार्शल लॉ, रझाकारांचा धुमाकूळ, अशी छापील यादीच मला दिली होती. मी तीतलं एक सहज बोलावं तसं बोलून गेलो. "मानमोडीच्या साथीत उंबरदरीत पण माणसं गेली असतील, नाही?"

"गेली म्हंजे! माझी दोन लेकरं गेली की. एक रांगत हुतं, आन् एक दुसऱ्या दिशी—"

हातोडी वरच्या वर राहिली. मानमोडी, म्हणजे तापाची ती मोठी साथ, आली एकोणीसशे अठरा साली. पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा तेव्हा जन्मही झालेला नसतो. हे मला कळलं आणि मला कळलेलं तिला कळलं.

"माझी न्हवं," ती हळू म्हणाली. "जावंची. मी आयकलंय नुसतं."

आणि तिने दगडावर घाव घातला, तो चुकला. मी यादी घडी करून खिशात घातली. त्या वेळी मला स्वतःची इतकी चीड आली की दिवसभर पाणीही गोड लागलं नाही. कायम होण्यासाठी मी एका बाईला तिची मेलेली मुलं नाकारायला लावली होती. त्याच दिवशी वैरागला जाऊन मी डॉक्टरांना पत्र टाकलं की उंबरदरीत एकही म्हातारा नाही.

पत्रावर लाल प्रश्नचिन्ह काढून ते पत्र हातात घेऊन डॉक्टर पुढच्या मंगळवारी स्वतःच जीपने येऊन दाखल झाले. आदल्या दिवशी निरोप आला होता, त्यामुळे कोंडीबांनी तयारी ठेवली होती. वैरागहून बुटाच्या काळ्या पॉलिशच्या सहा डब्या आणल्या होत्या. भीमाला पाठ सरळ दिसावी म्हणून एका खांबाला टेकून उभा केला होता. तरुण माणसं काय करतात असा प्रश्न पडल्यावर कुणीतरी म्हणालं की शिट्टी घालतात, म्हणून पाच-सहा म्हातारे बोळक्या तोंडाने सकाळपासून शिट्टीचा सराव करत होते. तोंडातून नुसता वारा येत होता.

मार्चचं ऊन. डॉक्टर पोचेपर्यंत पॉलिश वितळलं. धोंडीरामाच्या टकलाभोवतालच्या झालरीतून दोन काळे ओघळ निघून गालावरून मिशीत शिरले होते.

"वय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बावीस, सायेब."

 डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस? बाविसाव्या वर्षी केस पिकले म्हणून बिचारा लाजतोय. पॉलिश लावून आलाय." 

मग ते गोजरबाईजवळ गेले. त्यांच्याकडे हाताची पकड मोजायचं एक यंत्र होतं, मूठ आवळली की काटा फिरायचा. आधी स्वतः आवळून दाखवून त्यांनी ते तिच्या हातात दिलं. तिने आवळलं. काटा डॉक्टरांच्या खुणेच्या बराच पुढे गेला आणि तिथेच अडकला. परत मागे आलाच नाही.

"मोडलं का रं?" तिने विचारलं.

"नाही, नाही," डॉक्टर म्हणाले. पण ते मोडलं होतं.

त्यांनी तिची नाडी बघितली, डोळे बघितले, तो एक दात बघितला. वय विचारलं. मग धुळाकडून मस्टर मागवून घेतलं आणि एकेक नाव माणसाशी ताडून पाहिलं. सगळी वयं बरोबर. आई लेकापेक्षा मोठी, सासू जावयापेक्षा मोठी, थोरला धाकट्यापेक्षा थोरला. कुठेही एका महिन्याचीही गफलत नाही. कुठल्याही अन्वेषकाने इतकी स्वच्छ माहिती त्यांना कधी आणून दिली नव्हती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"शिवशरण," ते म्हणाले, "तुझं पत्र खरं होतं रे. या गावात म्हातारे नाहीत. या गावात माणसं पंचेचाळिशीतच पंचाहत्तरीची होतात. उपासमार, काबाडकष्ट! याला अकाली वार्धक्य म्हणतात. तीस वर्षांचं अकाली वार्धक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगावं तर गोजरबाई साठीच्या वर जाणार आणि तिचं काम जाणार. न सांगावं तर काम राहणार. असा मी विचार केला. आणि आता कायम होणार हाही विचार केला. दोन्हींतला कुठला आधी आला ते मला आजही सांगता येत नाही.

डॉक्टरांनी दुपारपर्यंत चाळीस जणांना तपासून चाळीस नावांची यादी केली. जीपमध्ये बसताना ते कोंडीबांना म्हणाले, "काळजी करू नका. या लोकांसाठी मी आजच्या आज वर बोलतो." कोंडीबांनी सतरा वर्षांच्या पोराने करावा तसा त्यांना वाकून नमस्कार केला. गावाने जीपमागे टाळ्या वाजवल्या. भीमाने खांब सोडला आणि तो पुन्हा दुमडला. साहेबाला फसवलं असंच सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. मी संध्याकाळच्या एस.टी.ने सोलापूरला परतलो.

गुरुवारी सात रस्त्याच्या ऑफिसात गेलो तर डॉक्टरांनी पेढा पुढे केला. "काम फत्ते. मी स्वतः दुष्काळी कामाच्या साहेबांना गाठून यादी दिली. म्हटलं, ही माणसं आतून झिजलेली आहेत, यांच्याकडून खडी कसली फोडून घेता? त्यांनी लगेच ऐकलं. काल बुधवारी सकाळपासून चाळीसच्या चाळीस नावं मस्टरवरून कमी. पूर्ण विश्रांती!" आणि त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. मी कायम झालो होतो.

पेढा मी टेबलावर ठेवला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. हुकूम, मस्टर, चावडीवरची बैठक, तीस वजा, सासूचे अकरा महिने. शेवटी म्हटलं, "गोजरबाई पंचाहत्तर वर्षांची आहे, डॉक्टर. आजारी नाही. नुसती म्हातारी आहे."

डॉक्टर खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "पंचाहत्तर? मग तर तिने खडीला मुळीच हात लावता कामा नये. तो हुकूमच आहे ना?"

पंचेचाळीस म्हणावं तर आजारी, पंचाहत्तर म्हणावं तर म्हातारी. बाईला बसायला मधे कुठेही जागा नव्हती. माझा तोल गेला. "तिला काम हवंय का, हे तिला कुणी विचारलं?" मी ओरडलो. "तुमच्या फॉर्ममध्ये एकशे बारा प्रश्न आहेत. कुत्र्याचासुद्धा आहे. हा एक नाही."

"मूळ फॉर्ममध्ये नाही तो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तिकडे त्या वयात कुणी काम मागत नाही." आणि मग त्यांनी साहेबांना फोन लावला. मी समोर उभा होतो. साहेब म्हणाले, तुम्हीच डॉक्टर म्हणून सांगितलंत, आता उद्या कुणी मेलं तर जबाबदार कोण? डॉक्टरांनी फोन ठेवला. 

शनिवारी मी उंबरदरीला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. गाव आपापली वर्षं परत घेत होतं. ज्यांच्यासाठी वजाबाकी केली ती माणसंच मस्टरवरून गेल्यावर उरलेल्यांनी कमी वयाचं काय करायचं? कोंडीबा पुन्हा सत्तेचाळीसचे झाले होते. मारुतीच्या पारावर धोंडीराम भेटला, त्याने माझ्यादेखत बिडी पेटवली. "म्हातारी घरी हाय," एवढंच म्हणाला. रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

गोजरबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. हातोडी सरकारी होती, ती जमा झाली होती. रिकामे हात मांडीवर उलटे पडले होते. शेजारी ताटात आमटीत भिजवलेली भाकरी, तशीच.

"आजी," मी म्हटलं, आणि या वेळी तिने 'ताई म्हन' असं बजावलं नाही. मी पुढे म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. मी तेव्हा तोंड मिटून बसलो."

"व्हय, तुझ्यामुळंच झालं," ती म्हणाली. "आता बस हितं. तुला म्हातारी मानसं पायजे हुती न्हवं? काड तुझी कागदं."

"नको आजी. आता त्याची गरज नाही."

"तुला नसंल. मला हाय. कुनी काय इचारत न्हाय मला. तू इचार."

मी फॉर्म काढला.  वय लिहिलं पंचाहत्तर. मग एकेक प्रश्न विचारत गेलो. दूरध्वनीवर ती कुणाशी बोलत नव्हती. जिन्याचं ऐकून म्हणाली, बांद तर रोज चडत हुते, लिव तसं. ऐकू नीट येतं का, झोप लागते का, भूक लागते का, देवळात कितीदा जाता. ती अगदी मन लावून उत्तरं देत होती. सून दारात येऊन उभी राहिली आणि ऐकू लागली. मधे एकदा काहीतरी बोलायला गेली, तर गोजरबाईने तिला हाताने गप्प केलं. प्रश्न मला हायती, म्हणाली.

अठ्ठ्याऐंशीवा प्रश्न आला: 'आपण म्हातारे झालो, असे आपणास केव्हापासून वाटू लागले?' खाली पाच पर्याय होते, त्यातल्या एकावर खूण करायची होती. मी वाचून दाखवले. पन्नाशीनंतर, साठीनंतर, सत्तरीनंतर, जोडीदाराच्या निधनानंतर, दीर्घ आजारानंतर.

गोजरबाईने थोडा विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं.

"बुधवारपासनं," ती म्हणाली.

मी पर्याय पुन्हा वाचले, सावकाश.

"आयकलं की मी. बुधवारपासनं. लिव."

पर्यायांच्या खाली बोटभर कोरी जागा होती. तिथे मी बुधवार असं लिहिलं आणि ते तिला वाचून दाखवलं.